तारा फाडणाऱ्या कृष्णविवराचं वस्तुमान कसं काढतात? त्या आकड्यावर कितपत विसंबायचं?

कृष्णाकाठ
मंडळी, वाईत आम्ही काही जण शाळकरी मुलांसाठी आकाशदर्शन आणि त्याआधी तासभर गप्पा असा कार्यक्रम करतो. या वेळचा विषय आहे कृष्णविवरांनी तारे फाडण्याचा, म्हणजे अभ्यासक ज्याला टीडीई (टायडल डिसरप्शन इव्हेंट) म्हणतात तो.

उदाहरण म्हणून एटी२०१९क्यूआयझेड घेतलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅलोमारच्या झ्विकी सर्वेक्षणात ही घटना सापडली. साधारण २१.५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेच्या गाभ्यात सूर्याएवढा एक तारा तिथल्या कृष्णविवराच्या फार जवळ गेला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. जो लेख उघडावा त्यात लिहिलेलं असतं, 'कृष्णविवर सूर्याच्या सुमारे १० लाख पट'. कसं काढलं, ते कुणी सांगत नाही.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं विवर सुमारे ४३ लाख सूर्यांचं आहे, ते कसं कळलं हे मला समजावता येतं. एस२ नावाचा तारा त्याभोवती १६ वर्षांत फेरी मारतो, गेन्झेल आणि गेझ यांच्या गटांनी ती कक्षा मोजली, केप्लरच्या नियमाने वस्तुमान आलं, २०२० चं नोबेल मिळालं. पण २१.५ कोटी प्रकाशवर्षांवर एकटा तारा दिसतच नाही. मग मोजलं काय?

मुलांपुढे नुसता आकडा ठेवायला माझं मन घेत नाही. आठवी-नववीच्या मुलांना 'कसं कळलं' हे सांगितलं नाही तर ती त्याला गोष्ट समजतात, विज्ञान नाही. जाणकारांनी मदत करावी.

---

शाईपेन
वाचनखूण साठवली. माझा आधीचाच प्रश्न: कृष्णविवर तारा अख्खा गिळत का नाही? आधी फाडायचं कारण काय?

---

उल्कापात
कृष्णाकाठ, विषय फार आवडता आहे, म्हणून सविस्तर लिहिते. शाईपेनच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण वस्तुमानाचा पहिला धागा तिथेच हाती लागतो.

ताऱ्याची विवराकडची बाजू जास्त जोरात ओढली जाते, पलीकडची कमी. हा फरक म्हणजेच भरतीबल. तारा स्वतःच्या गुरुत्वाने स्वतःला धरून असतो. ज्या अंतरावर भरतीबल त्याच्यावर मात करतं, तिथे तारा फाटतो. सूर्यासारख्या ताऱ्यासाठी आणि १० लाख सूर्यांच्या विवरासाठी हे अंतर साधारण ७ कोटी किलोमीटर येतं. बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे, त्यावरून अंदाज घ्या. आणि त्या विवराचं क्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही ती सीमा? केंद्रापासून फक्त ३० लाख किलोमीटर. म्हणजे तारा क्षितिजाच्या कितीतरी बाहेर फाटतो आणि तो सोहळा आपल्याला दिसतो.

आता विवर मोठं करत न्या. क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण फाटण्याचं अंतर त्याच्या घनमुळाच्या प्रमाणात. वस्तुमान १०० पट केलं, म्हणजे १० कोटी सूर्य, तर क्षितिज ३० कोटी किलोमीटरवर येतं आणि फाटण्याचं अंतर ३२ कोटींच्या आसपास. दोन्ही जवळजवळ एकाच जागी! त्याहून मोठं विवर सूर्यासारखा तारा अख्खाच गिळतं, बाहेर काही दिसत नाही. जॅक हिल्स यांनी १९७५ मध्ये हे मांडलं, म्हणून याला हिल्स वस्तुमान म्हणतात.

तेव्हा टीडीई दिसला यातच एक वरची मर्यादा मिळाली. अजून काहीही मोजलेलं नाही, तरी विवर साधारण १० कोटी सूर्यांपेक्षा लहान असणार हे कळलं. मला स्वतःला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा केवढा आनंद झाला होता!

---

शाईपेन
ताई, झकास. आता कळलं. श्वेत बटूचं काय मग? तो तर चिवट असेल.

---

उल्कापात
बरोबर ओळखलंत. श्वेत बटू आकाराने सूर्याच्या शंभराव्या हिश्शाचा, म्हणून तो फुटायला फार जवळ जावं लागतं. त्याच्यासाठी मर्यादा साधारण १ लाख सूर्यांवरच येते. उलट फुगलेला लाल राक्षसी तारा बराच मोठ्या विवरालाही फाडता येतो.

---

पत्रावळी
मला गणित येत नाही, पण चित्र डोळ्यांसमोर आलं. आमची आजी सुपात धान्य पाखडायची तेव्हा निम्मं परत सुपात पडायचं आणि फोलपटं लांब उडायची. ताऱ्याचं तसंच काही होतं का? की सगळाच पोटात जातो?

---

उल्कापात
छान सुचलं. निम्मा माल विवराला बांधलेला राहतो आणि परत येतो, निम्मा सुसाट निघून जातो, कायमचा. फक्त सुपात जड आणि हलकं वेगळं होतं, इथे तसं नाही. फाटताना ज्या कणांची ऊर्जा कमी पडली ते परतले, ज्यांची जास्त झाली ते सुटले. मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये हा हिशेब मांडला.

---

त्रैराशिक
इथून पुढचं मी घेते, कारण हे पाटी-पेन्सिलीवर निघतं. (शाळेत गणित शिकवते, सवय जात नाही.)

परतणारा माल लांबुळक्या कक्षांमध्ये असतो. ज्याची कक्षा सगळ्यात लहान तो सगळ्यात आधी येतो. तो येईपर्यंतचा काळ म्हणजे घड्याळाचा पहिला ठोका. हा काळ कशावर अवलंबून?

ऊर्जेतली तफावत विवराच्या वस्तुमानाच्या घनमुळाच्या प्रमाणात येते. केप्लरप्रमाणे फेरीचा काळ म्हणजे वस्तुमान भागिले ऊर्जेचा दीड घात. घनमुळाचा दीड घात म्हणजे वर्गमूळ. वस्तुमान भागिले वस्तुमानाचं वर्गमूळ, उरलं काय? वर्गमूळ!

म्हणजे काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सूर्यासारखा तारा आणि १० लाख सूर्यांचं विवर घेतलं तर हा काळ साधारण ४१ दिवस येतो. विवर १०० पट, तर काळ १० पट.

मुलांना द्यायला उदाहरण: २०२० मध्ये एटी२०२०एनईएच ही घटना एका बटू दीर्घिकेत सापडली. ती १३ दिवसांत तेजाच्या शिखराला पोचली. १३ भागिले ४१, त्याचा वर्ग, सुमारे ०.१. म्हणजे १० लाखांच्या दहाव्या हिश्शाएवढं, १ लाख सूर्य. खरी पद्धत अर्थातच याहून बरीच गुंतागुंतीची, पण अभ्यासकांनीही हे विवर मध्यम वस्तुमानाच्या गटातलं असावं असंच म्हटलंय. आठवीच्या मुलाला वहीत करता येईल असा हिशेब आहे हा, कृष्णाकाठ. फळ्यावर करून घ्याच.

---

कृष्णाकाठ
त्रैराशिक ताई, दंडवत! हे नक्की घेणार.

---

तर्कट
सगळं गोड चाललंय, पण माझा आक्षेप नोंदवतो. मी वीस वर्षं कारखान्यात मोजमापाच्या विभागात आहे, म्हणून टोचतं.

एक, तारा सूर्याएवढाच होता कशावरून? तारा बदलला की तुमचे ४१ दिवस बदलले. दोन, तो कडेकडेने गेला की खोल घुसला? अर्धवट फाटला की पूर्ण? तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: माल परत येणं आणि प्रकाश दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल आल्याआल्या प्रकाश बाहेर पडतो असं धरलंय, ते कुणी तपासलं? शिवाय काळाचा वर्ग करता म्हणजे काळात २० टक्के चूक झाली तर वस्तुमानात ४० टक्क्यांवर जाते. मुलांना हेही सांगा.

---

उल्कापात
तर्कट, तिन्ही आक्षेप रास्त आहेत आणि तिसऱ्यावर तर या क्षेत्रात खरोखरच मतभेद आहेत.

भरीव अडचण अशी. दृश्य प्रकाशात जे दिसतं त्याचं तापमान २० ते ३० हजार अंश आणि त्या उजळ पृष्ठभागाची त्रिज्या शेकडो कोटी किलोमीटर निघते. तारा तर ७ कोटी किलोमीटरवर फाटला! मग एवढ्या लांब प्रकाश कुठून आला? एका गटाचं म्हणणं, विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या आतल्या चकतीचा प्रखर प्रकाश भोवतालच्या वायूच्या आवरणाने शोषून पुन्हा बाहेर टाकला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, परत येणारे वायूचे प्रवाह लांबवरच एकमेकांवर आदळले आणि त्या धक्क्यांतून प्रकाश निघाला.

यातून वस्तुमान काढण्याच्या दोन वेगळ्या रीती आल्या. मॉसफिट हे साधन प्रकाशाच्या चढउताराचा पूर्ण आलेख बसवतं. मॉकलर आणि सहकाऱ्यांचं २०१९ चं काम त्यावरच आहे. टीडीईमास ही रीत रयू, क्रोलिक आणि पिरान यांची, २०२० ची. ती शिखराची तेजस्विता आणि तापमान एवढ्यावर, धक्क्यांचं चित्र धरून चालते. एकाच घटनेला दोन्ही लावल्या तर उत्तरं नेहमी जुळतातच असं नाही.

---

तर्कट
मनमोकळं उत्तर दिलंत, आभार. मग तिसरा कुणीतरी साक्षीदार हवा, ज्याचा या प्रकाशाशी संबंध नाही.

---

हरिश्चंद्रगड
तिसरा साक्षीदार आहे. एम-सिग्मा.

फाटलेल्या ताऱ्याचा उजेड विझू द्यायचा, मग दीर्घिकेच्या गाभ्याचा वर्णपट घ्यायचा. तिथल्या असंख्य ताऱ्यांतले काही आपल्याकडे येतात, काही दूर जातात, म्हणून वर्णपटातल्या काळ्या रेषा रुंदावतात. रुंदीवरून ताऱ्यांच्या वेगांची पसरण मिळते, तीच सिग्मा. २००० मध्ये दोन गटांनी, फेरारेसे-मेरिट आणि गेबहार्ट व सहकारी, दाखवलं की सिग्मा जितकी मोठी तितकं मधलं विवर जड, आणि हे नातं चांगलं घट्ट आहे.

क्यूआयझेडच्या दीर्घिकेची सिग्मा सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर. आता हिशेब. कॉरमंडी-हो यांचं २०१३ चं समीकरण: सिग्मा २०० असेल तर ३१ कोटी सूर्य, आणि घातांक ४.३८. ७० भागिले २०० म्हणजे ०.३५, त्याचा ४.३८ वा घात सुमारे ०.०१. उत्तर ३१ लाख सूर्य. त्याच वर्षीचं मॅककॉनेल-मा यांचं समीकरण घेतलं तर २०० ला २१ कोटी आणि घातांक ५.६४. उत्तर साडेपाच लाखांच्या जवळपास.

तीच दीर्घिका, तीच सिग्मा.

---

तर्कट
म्हणजे साडेपाच ते एकतीस! जवळजवळ सहापट. आमच्याकडे असा काटा कुणी आणला तर गेटवरूनच परत जाईल.

---

पत्रावळी
तर्कटभाऊ, आमच्या भाजीवाल्याला एवढी सूट देऊ नका म्हणजे झालं :)

---

हरिश्चंद्रगड
तर्कट, सहापट फरक ऐकायला मोठा वाटतो, पण पट्टी बघा. ही विवरं काही हजारांपासून हजार कोटी सूर्यांपर्यंत पसरलेली आहेत. एम८७ या दीर्घिकेतलं, ज्याची प्रतिमा २०१९ मध्ये आली, ते साडेसहाशे कोटींचं. या पट्टीवर '५ ते ३० लाख' म्हणणं हे नेमकं ज्ञान आहे. आणि फरक का पडला तेही ठाऊक आहे: दोन्ही समीकरणं मुख्यतः जड विवरांवर बसवलेली आहेत, हलक्या टोकाला ती लांबवली की फाकतात. हलक्या टोकाला थेट मोजलेली विवरं फारच थोडी. टीडीई नेमके तिथलेच दिवे लावतात, म्हणून तर त्यांचं महत्त्व!

आणि थेट का मोजत नाहीत याचं उत्तर: १० लाख सूर्यांच्या विवराचा तिथल्या ताऱ्यांवरचा अंमल जेमतेम ३ प्रकाशवर्षं. २१.५ कोटी प्रकाशवर्षांवरून ते अंतर विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हजाराव्या भागाच्या तिपटीपेक्षाही लहान दिसतं. हबलला विकलेच्या विसाव्या भागाच्या आसपासचं दिसतं. बसला हिशेब?

---

तर्कट
बसला. पट्टीचा मुद्दा मान्य. पण मग लेखात 'सुमारे १० लाख' न लिहिता पल्ला लिहायला हवा, हे माझं म्हणणं कायम.

---

कृष्णाकाठ
+१. हेच मला खटकत होतं.

---

जुन्नरी
मधेच येतोय. आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा यात काही हात आहे का? लहानपणापासून नारायणगावला जाता-येता त्या ४५ मीटरच्या तबकड्या बघतोय, ३० आहेत. विज्ञानदिनाला शाळेची सहल जायची. तिथे आत बसून लोक काय ऐकतात याची उत्सुकता अजून आहे.

---

उल्कापात
हात आहे! फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी२०२२सीएमसी सापडला, साडेआठशे कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्याचा फवारा, म्हणजे विवराजवळून प्रकाशाच्या वेगाजवळ सुटलेला झोत, थेट आपल्या दिशेने रोखलेला. त्या शोधाच्या कामात जीएमआरटी होती, आणि लडाखमधल्या हानले इथली, आयआयटी मुंबईशी जोडलेली ग्रोथ-इंडिया दुर्बीणही.

पण जुन्नरी, रेडिओवरून विवराचं वस्तुमान थेट मिळत नाही. फवाऱ्यात ऊर्जा किती, तो किती वेगाने पसरतोय, भोवती वायू किती दाट, हे कळतं. फवारा असलेल्या घटनांत वस्तुमानासाठी क्ष-किरणांच्या लुकलुकण्याकडे बघतात. कुठलीही वस्तू तिच्यातून प्रकाशाला आरपार जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा झटपट एकजात लुकलुकू शकत नाही. मार्च २०११ मधला स्विफ्ट जे१६४४+५७ हा फवारा असलेला टीडीई शंभरेक सेकंदांत लुकलुकत होता. त्रैराशिक ताई, पाटी घ्या!

---

त्रैराशिक
घेतली. १०० सेकंदांत प्रकाश ३ कोटी किलोमीटर जातो. विवराच्या क्षितिजाचा व्यास दर सूर्यामागे ६ किलोमीटर. ३ कोटी भागिले ६, पन्नास लाख सूर्य. म्हणजे विवर फार तर एवढंच?

---

उल्कापात
ढोबळ मानाने हो. फवारा प्रकाशाच्या वेगाजवळ असल्याने काळाचं गणित बदलतं, म्हणून ही मर्यादा सैल धरतात. पण कोटी-दोन कोटींच्या आतलं विवर, असाच निष्कर्ष तेव्हा निघाला.

---

जुन्नरी
आता तिथून जाताना पोरांना सांगायला काहीतरी आहे. धन्यवाद ताई.

---

अळूचं_फदफदं
मुलं एकच प्रश्न विचारणार, लिहून घ्या: आपलं विवर सूर्याला कधी खाणार?

---

हरिश्चंद्रगड
खाणार नाही. सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर निवांत फिरतोय. अगदी गाभ्यातल्या एखाद्या ताऱ्याची पाळी एका दीर्घिकेत साधारण १० हजार ते १ लाख वर्षांत एकदा येते. म्हणून तर लाखो दीर्घिकांवर रोज नजर ठेवावी लागते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या पहिल्या प्रतिमा जून २०२५ मध्ये आल्या. तिच्यामुळे टीडीईंची संख्या खूपच वाढेल.

---

शाईपेन
विवराच्या स्वतःभोवती फिरण्याने वस्तुमानाच्या हिशेबात गडबड होत नाही का?

---

उल्कापात
होते, आणि मला वाटतं सगळ्यात रंजक भाग तोच आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडलेल्या, २९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एसॅसन-१४एलआय या टीडीईच्या क्ष-किरणांत दर १३१ सेकंदांनी एक ठोका मिळाला. पाशम आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

आता बघा. १० लाख सूर्यांचं न फिरणारं विवर असेल तर सगळ्यात आतल्या स्थिर कक्षेत एका फेरीला साधारण साडेसात मिनिटं लागतात. १३१ सेकंद म्हणजे जेमतेम सव्वादोन. मग एकतर विवर तिपटीहून हलकं आहे, तीन लाखांच्या आत, किंवा ते वेगाने फिरतंय, म्हणून वायूला आणखी आत स्थिर राहता येतं. दीर्घिकेवरून आलेलं वस्तुमान १० लाखांच्या पट्टीतलं होतं, म्हणून त्यांनी दुसरा पर्याय निवडला: कमाल मर्यादेच्या किमान ७० टक्के फिरकी.

म्हणजे वस्तुमान ठाऊक असेल तर फिरकी मिळते, फिरकी ठाऊक असेल तर वस्तुमान. दोन्ही एकाच ठोक्यातून मागता येत नाहीत. वरच्या टोकालाही हेच: एसॅसन-१५एलएच ज्या दीर्घिकेत झाला तिथलं विवर १० कोटींहून जड. ती घटना टीडीई असेल तर विवर वेगाने फिरत असलं पाहिजे, कारण फिरणाऱ्या विवराची हिल्स मर्यादा वर सरकते. तो टीडीई होता की महाकाय अधिनवतारा (ताऱ्याचा स्फोट), यावर बराच वाद झाला.

---

माळरान
इतके दिवस नुसती वाचत होते, एक भर घालते. तर्कटना हवा तसा साक्षीदार अलीकडे आणखी एक मिळालाय. टीडीईचा उजेड वर्षभराने नुसता विझत नाही, अतिनील किरणांत तो एका पातळीवर येऊन बराच काळ टिकून राहतो. तोपर्यंत आदळआपट संपलेली असते, उरते ती स्थिरावलेली चकती, आणि चकतीचं भौतिकशास्त्र आपल्याला पुष्कळ चांगलं कळतं. ममरी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दाखवलं की ही पातळी जितकी तेजस्वी तितकं विवर जड, आणि ही वस्तुमानं दीर्घिकेवरून काढलेल्या वस्तुमानांशी जुळतात. सुरुवातीचा प्रकाश नेमका कुठून आला हा वाद यात आडवा येत नाही. वाट मात्र बघावी लागते.

---

तर्कट
हे आवडलं. गोंधळ शमल्यावर माप घ्यायचं. कारखान्यातही यंत्र सुरू केल्याकेल्या घेतलेलं माप धरत नाहीत.

---

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर येतो: क्यूआयझेडसाठी मुलांना काय सांगू? आणि ४८ तासांच्या भडक्यांचं मध्ये वाचलं होतं, त्यावरून वस्तुमान पक्कं झालं का?

---

उल्कापात
भडक्यांचं आधी. फाटलेल्या ताऱ्याच्या मालाची चकती तयार झाली, आणि काही वर्षांनी तिथून साधारण दर ४८ तासांनी क्ष-किरणांचे भडके येताना दिसले. २०२४ मधल्या त्या कामात चंद्रा, हबल या अवकाश दुर्बिणींच्या जोडीला आपला अॅस्ट्रोसॅट उपग्रहही होता. त्याची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरने बनवलेली आहे, हे मुलांना जरूर सांगा. दुसरा एक तारा किंवा छोटं कृष्णविवर आपल्या कक्षेत त्या चकतीला भेदून जातं, असा अर्थ लावलाय.

पण कक्षेचा काळ ठाऊक असला तरी कक्षेचा आकार ठाऊक नाही, म्हणून केप्लर एस२ सारखा इथे हात देत नाही. उलट वस्तुमान धरून कक्षेचा आकार काढावा लागतो. त्यातून चकती निदान तिथवर पसरली आहे हे कळलं. वस्तुमान पक्कं झालं नाही.

मुलांना मी तरी असं सांगेन: प्रकाशाच्या चढउतारावरून १० लाखांच्या आसपास, दीर्घिकेच्या ताऱ्यांवरून साडेपाच ते एकतीस लाख, तारा फाटला म्हणून १० कोटींच्या आत. तिन्ही मार्ग वेगळे आहेत आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

---

कृष्णाकाठ
तिन्ही फळ्यावर लिहितो आणि ०.३५ चा घात मुलांकडूनच काढून घेतो. दोन गट करून दोन समीकरणं देतो, वेगळी उत्तरं आली की भांडू दे त्यांना.

---

त्रैराशिक
घातांक अपूर्णांकात आहे, आठवीला लॉगॅरिदम नसतात. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आडवा धरा, त्यात घाताचं बटण येतं.

---

जुन्नरी
कार्यक्रम कधी आहे? जुन्नरहून यायला जमतं का बघतो, दोन्ही पोरांना घेऊन.

---

कृष्णाकाठ
या की! तारीख व्यनि करतो. ढग नसले तर नंतर दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकाही दाखवू.